विनाचालक गाडीला डोळे मिळाले, पण नजर कोणावर?

घरात झाडू मारणारा रोबोट आला की पहिल्या दिवशी सगळे घर त्याच्या मागे फिरते. मुले त्याच्यापुढे मुद्दाम चप्पल ठेवून बघतात, आजी पाय वर घेऊन सोफ्यावर बसते. रोबोट स्वस्तातला असेल तर तो चपलेला धडकतो, पायपुसण्यात अडकतो, चार्जरची वायर ओढतो आणि मध्येच थांबून मदतीसाठी आवाज करू लागतो. कॅमेरा असलेला महागडा रोबोट मात्र चप्पल ओळखतो आणि वळसा घालून पुढे जातो. घरात या दोघांमधला फरक फक्त पैशांचा असतो. धडक बसलीच तर फार तर पाण्याचा तांब्या कलंडतो.

आता तोच रोबोट मोठ्या पलंगाएवढा करा, त्याच्या पाठीवर एक टन माल ठेवा आणि रात्रपाळीच्या गोदामात सोडून द्या. तिथे त्याच्या वाटेत नुसती चप्पल नसते, चपलेत कोणाचा तरी पाय असतो.

कारखान्यात किंवा गोदामात माल इकडून तिकडे नेणाऱ्या या विनाचालक गाडीला ऑटोमेटेड गाइडेड व्हेइकल म्हणतात. कामगारांच्या तोंडी तिचे नाव एजीव्ही. या गाड्यांना आता कॅमेरे बसवले जात आहेत. गाडीला डोळे मिळणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण ते डोळे काय बघतात, काय बघू शकत नाहीत आणि बघितलेले कुठे साठवून ठेवतात, हे तिच्या शेजारून चालणाऱ्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांनाही कळायला हवे.

गाझियाबादपासून चाकणपर्यंत

दिल्लीला लागून असलेल्या गाझियाबादमध्ये साहिबाबादसारखा जुना औद्योगिक पट्टा आहे. भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्ससारखे सरकारी उद्योग इथे अनेक दशकांपासून आहेत. त्यांच्याभोवती लहानमोठे कारखाने आणि गोदामे आहेत. शेजारच्या नोएडामध्ये २०१६ साली अ‍ॅडव्हर्ब ही कंपनी सुरू झाली. तिचे संस्थापक आधी एशियन पेंट्स या मुंबईच्या कंपनीत काम करत होते. आज ती गोदामांसाठी चाकांवरचे रोबोट बनवते आणि २०२२ साली रिलायन्स रिटेलने तिच्यात निम्म्याहून जास्त हिस्सा घेतला. दिल्लीच्या दुसऱ्या बाजूला, गुरुग्राममध्ये ग्रेऑरेंज आहे. तीही याच व्यवसायातली.

आपल्या महाराष्ट्रातही चित्र वेगळे नाही. चाकण आणि तळेगावच्या वाहन कारखान्यांत माल वाहण्याचे काम यंत्रांकडे सरकत आहे. २०१९ साली सुरू झालेली पुण्यातली अनबॉक्स रोबोटिक्स ही कंपनी पार्सलांची वर्गवारी करणारे छोटे रोबोट बनवते. म्हणजे तुम्ही वैशालीत राहत असा नाहीतर वाकडला, तुमच्या घरातले कोणी ना कोणी अशा गाडीच्या आसपास काम करत असण्याची शक्यता वाढत चालली आहे.

आंधळी पण आज्ञाधारक

ही गाडी काही आजची नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या बॅरेट इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने जमिनीत पुरलेल्या तारेच्या मागोमाग चालणारी ओढगाडी बनवली. तारेतून वीज वाहायची, गाडी ती ओळखायची आणि तिच्यावरून चालत राहायची. पुढे तारेची जागा जमिनीवर चिकटवलेल्या चुंबकीय पट्टीने घेतली, मग क्यूआर कोडच्या चौकोनांनी.

२०१९ मध्ये फ्लिपकार्टने बेंगळुरूच्या केंद्रात पार्सले वेगळी करायला सुमारे १०० छोट्या एजीव्ही लावल्या, तेव्हा त्यांचे व्हिडिओ अनेकांनी पाहिले असतील. मुंग्यांसारख्या त्या धावतात आणि एकमेकींना धडकत नाहीत. याचे कारण सोपे आहे. त्यांच्या खालची फरशी आखून दिलेली असते आणि त्या धावतात तिथे माणसांची वर्दळ नसते.

खरी अडचण येते ती माणसांच्या मध्ये. जुन्या पद्धतीची एजीव्ही रेषा सोडत नाही. वाटेत कोणी रिकामे खोके ठेवले की ती त्याच्यासमोर उभी राहते आणि कोणी ते उचलेपर्यंत तशीच थांबते. फोर्कलिफ्टच्या चाकांनी पट्टी उखडली की ती हरवते. म्हणून अशा कारखान्यात माणसांनाच यंत्राच्या सोयीने वागावे लागते. कुठे चालायचे, कुठे उभे राहायचे, कुठे काही ठेवायचे नाही, याचे पिवळे पट्टे जमिनीवर आखले जातात.

गुडघ्याच्या वर काय आहे?

मग ही गाडी माणसाला धडकत कशी नाही? तिच्या पुढच्या बाजूला लेझर स्कॅनर असतो. तो प्रकाशाचा एक किरण पंख्यासारखा फिरवतो आणि तो परत यायला किती वेळ लागला यावरून समोरच्या वस्तूचे अंतर मोजतो. जवळ काही आले की गाडी हळू होते, आणखी जवळ आले की थांबते. हे काम तो अतिशय भरवशाने करतो.

पण बहुतेक सुरक्षा स्कॅनर एकाच पातळीत बघतात. जमिनीपासून साधारण २० सेंटीमीटरवर, म्हणजे घोट्याच्या जरा वर, एक अदृश्य आडवी चादर पसरली आहे असे समजा. या चादरीला जे छेदते तेवढेच गाडीला दिसते. पाय दिसतो, भिंत दिसते. पण अर्धवट उचललेले फोर्कलिफ्टचे काटे दिसत नाहीत, कारण ते चादरीच्या वर असतात. टेबलाचे पाय दिसतात, पण बाहेर आलेली कड दिसत नाही. क्रेनचा लोंबणारा हूक दिसत नाही. जमिनीवर पडलेली पॅकिंगची पट्टी चादरीच्या खाली राहते. ट्रकमध्ये माल चढवायच्या धक्क्याची कड संपून खाली खोली आहे, हेही कळत नाही.

शिवाय स्कॅनरला काहीतरी आहे एवढेच कळते. ते काय आहे हे कळत नाही. खोके आणि माणूस त्याच्या लेखी सारखेच. खोके जागचे हलणार नाही. माणूस मात्र पुढच्या क्षणी डावीकडे वळेल, वाकेल किंवा मागे सरकेल. दोघांशी वेगळे वागायचे असेल तर आधी त्यांना वेगळे ओळखावे लागते. कॅमेऱ्याची गरज इथे सुरू होते.

सुईत दोरा ओवून बघा

कॅमेरा लावला की गाडीला दिसू लागले, असे मात्र नसते. घरी एक प्रयोग करा. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करा. सुई दिसते, दोराही दिसतो, पण नेमके अंतर कळत नाही. एका कॅमेऱ्याच्या चित्राचेही असेच असते. त्यात काय आहे हे कळते, पण ते किती लांब आहे याचा नीट अंदाज येत नाही.

म्हणून गाड्यांवर वेगवेगळ्या प्रकारचे कॅमेरे येतात. काहींमध्ये आपल्या डोळ्यांसारखी दोन भिंगे शेजारी शेजारी असतात आणि दोन चित्रांतल्या फरकावरून अंतर काढले जाते. काही कॅमेरे स्वतःच न दिसणारा प्रकाश फेकतात आणि तो परत यायला लागलेल्या वेळेवरून चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याचे अंतर मोजतात. खाली बघणारे कॅमेरे फरशीवरचे कोड वाचतात. पुढचे कॅमेरे लाकडी पॅलेटच्या खाचा शोधतात. त्यामुळे कोणी घाईत पॅलेट जरा तिरके ठेवले तरी गाडी आपले काटे बरोबर आत घालते.

कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत १९६६ ते १९७२ या काळात शेकी नावाच्या रोबोटला कॅमेरा होता. २००३ साली हान्स मोरावेक या रोबोटतज्ज्ञाने सहसंस्थापक म्हणून सुरू केलेल्या सीग्रिड कंपनीने कॅमेऱ्यांच्या जोड्यांवर चालणाऱ्या औद्योगिक गाड्या बनवल्या. मधल्या काळात बदल झाला तो किमतीत आणि वेगात. मोबाइल फोनमुळे चांगले कॅमेरे स्वस्त झाले आणि चित्र ओळखणारा संगणक डब्याएवढा लहान झाला. २०२२ मध्ये अमेझॉनने प्रोटिअस नावाचा रोबोट दाखवला, तो कुंपणाशिवाय माणसांमधून फिरण्यासाठीच बनवलेला आहे.

आपला माणूस ओळखता आला पाहिजे

कॅमेऱ्यामागचा संगणक हजारो चित्रे बघून माणूस ओळखायला शिकतो. आता विचार करा, त्या चित्रांत चकचकीत जॅकेट आणि हेल्मेट घातलेला, ताठ उभा राहून चालणारा माणूसच जास्त असेल तर?

आपल्याकडच्या गोदामात माणूस उकिडवा बसून पट्टी बांधतो. डोक्यावर खोके घेऊन चालतो, तेव्हा समोरून त्याचा चेहरा दिसतही नाही. दुपारच्या सुट्टीत पॅलेटच्या सावलीला आडवा होतो. महिला कामगार ओढणीने तोंड झाकून किंवा साडीवर एप्रन घालून काम करतात. यंत्राला हे सगळे माणूसच आहेत असे शिकवावे लागते आणि त्यासाठी आपल्याच जमिनीवरची चित्रे लागतात. दुसऱ्या देशात उत्तम चाललेली प्रणाली साहिबाबादला किंवा भोसरीला आणून लावली आणि काम झाले, असे होत नाही.

हवामानाचेही तसेच आहे. गाझियाबादच्या हवेत धूळ असते आणि ती भिंगावर बसते. डिसेंबर-जानेवारीत तिथले धुके माल चढवायच्या दारातून आत येते. उन्हाळ्यात त्याच दारातून येणाऱ्या प्रखर उन्हाने कॅमेरा दिपतो. अंधाऱ्या जिन्यातून गच्चीवर गेल्यावर क्षणभर आपल्यालाही काही दिसत नाही, तसेच. मधेच वीज गेली आणि दिवे बंद पडले तर साधा कॅमेरा आंधळा होतो. लेझर स्कॅनर अंधारातही बघतो, कारण त्याचा प्रकाश त्याचाच असतो. म्हणून स्कॅनर काढून कॅमेरा लावणे हा शहाणपणा नाही. स्कॅनर ठेवून कॅमेरा जोडणे हाच खरा बदल आहे.

जुन्या गाडीला कॅमेरा बसवताना

लहान कारखानदाराला नवी गाडी परवडत नाही. आहे तिलाच कॅमेरा जोडावा, असे त्याला वाटते. तसे करता येते. पण क्रम चुकला तर पैसे जातात आणि धोका तसाच राहतो.

आधी अडचण कोणती ते ठरवावे लागते. गाडी सारखी थांबते की पॅलेट चुकते की वळणावर माणसे दचकतात? यातल्या प्रत्येकाला वेगळा कॅमेरा आणि वेगळी जागा लागते. धडका थोडक्यात टळल्या त्या कुठे, हे कामगारांना सुपरवायझरपेक्षा जास्त माहीत असते. त्यांना विचारल्याशिवाय कॅमेऱ्याची जागा ठरवू नये.

मग थांबायला लागणाऱ्या अंतराचा हिशोब करावा लागतो. गाडी सेकंदाला दीड मीटर वेगाने चालली आहे आणि कॅमेऱ्याचे चित्र घेऊन, ओळखून, ब्रेकला निरोप द्यायला ०.३ सेकंद लागतात असे समजा. तेवढ्यात गाडी ४५ सेंटीमीटर पुढे गेलेली असते. ब्रेक लागण्याआधीच दीड फूट! पाठीवर एक टन असेल तर ब्रेक लागल्यावरही ती लगेच थांबत नाही. म्हणून कॅमेऱ्याला लांबूनच दिसायला हवे, नाहीतर गाडीचा वेग कमी करायला हवा.

सुरुवातीचे काही आठवडे कॅमेऱ्याने फक्त बघावे, हुकूम देऊ नये. त्याने कधी माणूस ओळखला आणि कधी चुकला याची नोंद ठेवावी. खात्री पटल्यावर त्याला गाडी हळू करायचा अधिकार द्यावा. शेवटचा थांबा मात्र प्रमाणित सुरक्षा स्कॅनर, धडकपट्टी आणि लाल बटण यांच्याकडेच ठेवावा. सुरक्षेसाठी प्रमाणित झालेले ३डी कॅमेरेही आता मिळतात, पण साधा कॅमेरा म्हणजे तो नव्हे. विनाचालक औद्योगिक गाड्यांच्या सुरक्षेसाठी आयएसओ ३६९१-४ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२० साली आले आणि २०२३ मध्ये सुधारले गेले. गाडीत असा बदल केला की धोक्याचे मूल्यमापन नव्याने करावे, जुन्या कागदावर भागवू नये.

अति सावध कॅमेराही कामाचा नाही. सावलीला माणूस समजून गाडी दर दोन मिनिटांनी थांबू लागली की काम खोळंबते, वरून ओरडा बसतो आणि एके दिवशी कोणीतरी वैतागून भिंगावर चिकटपट्टी लावतो. मग त्या दिवसापासून सगळ्यांना वाटत राहते की गाडीला दिसते आहे, पण तिला दिसत नसते. मुळात डोळेच नसलेल्या गाडीपेक्षा ही गाडी जास्त धोकादायक, कारण पहिलीपासून माणूस निदान जपून तरी राहतो.

नजर कोणावर?

पुन्हा घरातल्या रोबोटकडे येऊ. डिसेंबर २०२२ मध्ये एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू या नियतकालिकाने एक बातमी दिली. झाडू मारणाऱ्या रोबोटच्या चाचणी नमुन्यांनी घरांत टिपलेली काही चित्रे समाजमाध्यमांवर पोहोचली होती. त्यात शौचालयात बसलेल्या एका स्त्रीचेही चित्र होते. रोबोटला वस्तू ओळखायला शिकवण्यासाठी ती चित्रे दुसऱ्या देशातल्या कंत्राटी कामगारांकडे पाठवली गेली होती आणि तिथून ती बाहेर पडली. हे रोबोट चाचणीसाठी होते आणि ते घेणाऱ्यांनी संमती दिली होती, असे आयरोबोट कंपनीचे म्हणणे होते. पण आपले चित्र एखाद्या परक्या देशात कोणीतरी मोठे करून बघेल, हे त्या संमतीत कितीजणांच्या लक्षात आले असेल?

कारखान्यातला कॅमेरा तर दिवसभर फिरत असतो. जो कॅमेरा पाय वाचवतो तोच कोण किती वेळ पाणी प्यायला गेला, कोण कोणाशी बोलत होता, कोण दमून टेकला हेही टिपू शकतो. भारतात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. पण नोकरीशी संबंधित काही कारणांसाठी मालकाला संमतीशिवायही माहिती वापरण्याची मुभा या कायद्यात आहे. म्हणून फक्त कायद्यावर विसंबून चालणार नाही. कंपनीचा नियम कागदावर लिहिलेला असायला हवा.

तांत्रिकदृष्ट्या हे अवघड नाही. समोर माणूस आहे एवढे कळणे सुरक्षेला पुरते, तो कोण आहे हे कळायची गरज नाही. चित्र गाडीतच तपासून तिथेच पुसता येते, चेहरे धूसर करता येतात. अंतर मोजणारे काही कॅमेरे तर चेहऱ्याऐवजी फक्त आकार टिपतात. सुरक्षेसाठी घेतलेले चित्र हजेरीसाठी किंवा पगार कापण्यासाठी वापरणार नाही, असे मालकाने लिहून दिले तर कामगार त्या कॅमेऱ्याचा वैरी होत नाही आणि चिकटपट्टीही लावत नाही.

मग नोकरीचे काय?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. केवळ ट्रॉली ओढण्याचे काम या गाड्यांमुळे कमी होणार, हे उघड आहे. पण ते काम शरीराला किती महाग पडते हेही आपण जाणतो. माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. त्याच्या हक्कांसाठी महाराष्ट्राला १९६९ साली वेगळा कायदा करावा लागला. माणसाच्या मणक्यावरचे ओझे यंत्राने उचलले तर वाईट वाटायचे कारण नाही. वाईट तेव्हा, जेव्हा ओझ्याबरोबर त्याची भाकरीही जाते.

आज ट्रॉली ओढणाऱ्यालाच गाडी सांभाळायला शिकवणे हा मधला मार्ग आहे. भिंग पुसणे, कॅमेऱ्याची दिशा तपासणे, गाडी का थांबली ते बघणे, चुकांची नोंद ठेवणे या कामांना इंजिनीअरची पदवी लागत नाही. जागेची माहिती लागते आणि ती त्याच्याकडे आधीच असते. तरुणांसाठी आयटीआयमध्ये आता औद्योगिक रोबोटिक्सचा ट्रेड आहे. घरी बसून सुरुवात करायची असेल तर ओपनसीव्ही हे चित्र ओळखण्याचे सॉफ्टवेअर मोफत मिळते. जुना लॅपटॉप आणि त्याचा कॅमेरा एवढ्यावर दहावीतला मुलगा किंवा मुलगीही पहिला प्रयोग करू शकते.

घरच्यांनी हे नक्की विचारा

तुमच्या घरातले कोणी अशा ठिकाणी कामाला जात असेल, तर एखाद्या संध्याकाळी चहा घेताना त्यांना हे प्रश्न विचारा.

• तुमच्याकडची गाडी खाली बसलेल्या माणसापाशी थांबते का? कोणी करून बघितले आहे का?

• दिवे गेले तर गाडी थांबते की चालत राहते?

• भिंग कोण पुसते आणि दिवसातून किती वेळा?

• लाल बटण कुठे आहे आणि ते दाबले म्हणून कोणी ओरडत तर नाही ना?

• कॅमेऱ्याने घेतलेली चित्रे किती दिवस ठेवतात आणि कोण बघते?

• धडक थोडक्यात टळली तर ते सांगायची सोय आहे का?

यांची उत्तरे त्यांना माहीत नसतील तर त्यांनी ती उद्या सुपरवायझरला विचारावीत. प्रश्न साधे आहेत आणि चांगल्या कारखान्यात त्यांची उत्तरे तयार असतात. जिथे उत्तरे मिळणार नाहीत, तिथे गाडीवर कॅमेरा असला तरी तिच्या पुढून जाताना जपूनच चालावे लागेल.